छापखान्यांचा सल्लागार म्हणून जर्मनीत यायचं असेल तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिग्रसला काकांचा छापखाना आहे, तिथे तुम्ही काही वर्षं हिशोब आणि गिऱ्हाईक सांभाळता, अमरावतीहून एमबीए केलंय. आता छपाई आणि प्रकाशन कंपन्यांना मार्केटिंगचा आणि धंद्याच्या धोरणाचा सल्ला देणाऱ्या एखाद्या फर्ममध्ये शिरायचंय, जर्मनीत नाहीतर लंडनला. नागपूरच्या एका एजंटने जर्मनीतलं एक खाजगी विद्यापीठ सुचवलंय आणि त्याच्या फीसाठी बाबा दोन एकर वावर विकायला तयार आहेत. मी दारव्ह्याकडची. बरीच वर्षं फ्रँकफर्टच्या आसपास राहते, याच धंद्यात आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वावराचं. ते विकू नका. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, सेमिस्टरला थोडा किरकोळ खर्च असतो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. तरीही खाजगी विद्यापीठाच्या मानाने हे काहीच नाही. एजंट शक्यतो तेच विद्यापीठ सुचवतो जिथून त्याला कमिशन मिळतं, हे लक्षात ठेवा. आपल्या क्षेत्रातली नावं मी देते: श्टुटगार्टचं होखशूले डेर मेडियन (माध्यमांचं विद्यापीठ), लाइपझिगचं एचटीडब्ल्यूके हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ, आणि माइन्त्स विद्यापीठाचा ग्रंथव्यवहाराचा विभाग. माइन्त्स हे गाव युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गचं. या ठिकाणी शिकवणं मुख्यतः जर्मनमध्ये चालतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, काढावा लागतो. तो अर्ज स्वतः भरता येतो, त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

आता सल्लागार नेमकं काय करतो ते सांगते, कारण तुमच्या पत्रावरून वाटलं की तुमच्या डोळ्यासमोर बाजारपेठेचे आलेख आणि मोठ्या कंपन्यांच्या बैठका आहेत. तशी कामंही असतात. पण इथले बरेच छापखाने घरचे, थोड्या माणसांचे. अशा ठिकाणी पहिले काही आठवडे जॉबकार्डं चाळण्यात जातात. प्रत्येक कामावर कागद किती लागला, मशीन किती वेळ अडकलं, बाहेरून काय करून घेतलं, हे एकेक करून काढायचं.

रुपयांतच उदाहरण देते. समजा एक जॉब ५०,००० चा आहे. कागद, शाई, प्लेटा आणि बाहेरचं लॅमिनेशन मिळून ३५,००० गेले. हातात उरले १५,०००, आणि मशीन पाच तास गुंतलं. म्हणजे तासाला ३,०००. दुसरा जॉब २०,००० चा. त्यात बाहेर गेले ८,०००, उरले १२,०००, मशीन दोन तास. तासाला ६,०००. मालक पहिल्या गिऱ्हाइकासाठी रात्रपाळी लावतो आणि दुसऱ्याला चार दिवस थांबायला सांगतो, कारण त्याला बिलाचा आकडा दिसतो, तासाचा दिसत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांचा असा हिशोब मांडला की कोणाला दर वाढवून सांगायचा, कोणतं काम नम्रपणे सोडायचं आणि विक्रीच्या माणसाने गाडी कोणाच्या दारात न्यायची, हे ठरवता येतं. मार्केटिंगचा सल्ला इथून सुरू होतो. वेबसाइट आणि जाहिरात त्याच्या पुष्कळ पुढे येतात.

हे तुम्हाला परकं नाही. काकांकडे बाजार समितीच्या काटापट्ट्या येत असतील, जिनिंगच्या पावत्या, मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांची हँडबिलं, दुर्गोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं आणि लगीनसराईत पत्रिका. पावतीपुस्तकात मशीनला फारसं काम नसतं, वेळ जातो नंबरिंग, पर्फोरेशन आणि बायंडिंगवर. पत्रिकेत वेळ जातो प्रूफवर, कारण नवरदेवाच्या घरून आत्याचं नाव राहिलं म्हणून रात्री दहाला फोन येतो. कोणत्या कामात कुठे वेळ मुरतो हे ज्याने स्वतः पाहिलंय, त्याला इथल्या छापखान्यात अर्ध्या दिवसात दुखणं कुठे आहे ते कळतं. एमबीएच्या पदवीपेक्षा तुमची ही बाजू भक्कम आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता.

धंद्याची स्थिती झाकून ठेवत नाही. इथे व्यापारी छपाई आकसत चालली आहे. घरपोच माल विकणाऱ्या ओटो कंपनीने आपला जाडजूड मुख्य कॅटलॉग २०१८ मध्ये शेवटचा काढला. फर्निचरवाल्या आयकियाने डिसेंबर २०२० मध्ये छापील कॅटलॉग बंद केल्याचं जाहीर केलं. रेवे या किराणा साखळीने १ जुलै २०२३ पासून घरोघरची छापील पत्रकं थांबवली. अशा एकेका निर्णयासरशी रिळाच्या कागदावर छापणाऱ्या मोठ्या रोटरी मशीनवरच्या कित्येक पाळ्या रिकाम्या होतात. पॅकेजिंग आणि लेबलं मात्र टिकून आहेत, कारण औषधाचा खोका मोबाइलवर पाठवता येत नाही. हायडेलबर्ग आणि क्योनिग उंड बाउअर हे मशीनवाले उगाच पॅकेजिंगकडे वळलेले नाहीत.

त्यातून २०२२ साल आलं. फिनलंडमध्ये यूपीएम कंपनीच्या कागद गिरण्यांतला संप जानेवारी ते एप्रिल चालला, वर वीज आणि गॅस महाग. कागद वेळेवर मिळेना आणि मिळाला तर कालच्या भावात मिळेना. ज्यांनी गिऱ्हाइकाशी वर्षभराचा ठरीव दर बांधला होता ते भरडले गेले. त्या वर्षी सल्लागारांचं मोठं काम होतं ते करारात कागदाच्या भावाप्रमाणे दर बदलण्याची अट घालून घेणं, आणि ती अट गिऱ्हाइकाला पटेल अशा भाषेत मांडायला विक्रीच्या माणसांना शिकवणं. मला हे काम मनापासून आवडतं, कारण त्यातून खरोखर लोकांच्या नोकऱ्या वाचतात.

आणखी एक प्रकारचं काम वाढतंय. मालक साठीच्या पुढे गेलाय, मुलगा बर्लिनला संगणकात आहे, छापखाना कोण घेणार? मग शेजारच्या गावच्या छापखान्यात विलीन व्हायचं का, की मशीन विकून फक्त गिऱ्हाईक दुसऱ्याकडे सोपवायचं? त्या टेबलावर बसलेल्या सल्लागारावर त्या कुटुंबाचा भरवसा असावा लागतो, आणि तो इंग्रजीत मिळत नाही. मालकीणबाई हिशोबाच्या वह्या सांभाळत असतात, मशीनवरचा फोरमन बापाच्या वेळेपासूनचा असतो. दोघांशी जर्मनमध्येच बोलावं लागतं.

प्रकाशनाची बाजू वेगळी आहे. आपल्याकडे ग्रंथप्रदर्शनात सवलतीचा बोर्ड लावल्याशिवाय पुस्तक हलत नाही. जर्मनीत नवीन पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती प्रत्येक दुकानात सारखीच असते. ही रीत जुनी आहे, २००२ पासून त्यावर स्वतंत्र कायदाही आहे. त्यामुळे इथल्या प्रकाशकाला 'किंमत कमी करा' हा सल्ला देण्यात अर्थ नसतो. प्रश्न असतात ते वेगळे: पहिली आवृत्ती किती प्रतींची काढायची, दुकानांतून परत येणाऱ्या प्रतींचं काय करायचं, जुनी पुस्तकं मागणीनुसार एकेक छापायची का. घाऊक वितरक संध्याकाळी आलेली ऑर्डर बहुधा दुसऱ्या दिवशी दुकानात पोचवतात, त्यामुळे छोटं पुस्तकदालनही मोठ्या साइटशी टक्कर देऊ शकतं. पहिल्या आवृत्तीचा आकडा चुकला की सगळा नफा गोदामात पडून राहतो. मराठी प्रकाशकांना हे दुखणं सांगायला नको.

लंडनबद्दल थोडक्यात. तिथे भाषेची अडचण नाही, पण शिक्षणाची फी फार आणि नोकरीच्या व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर गेली. प्रकाशन क्षेत्रात सुरुवातीला एवढा पगार सहसा मिळत नाही. तुमच्या परिस्थितीत मी तो रस्ता धरणार नाही.

जर्मनीत यायचे तुमच्यासाठी तीन रस्ते आहेत. एक, वर सांगितलेलं सरकारी विद्यापीठ. दुसरा, जून २०२४ पासून सुरू झालेलं चान्सेनकार्ट, म्हणजे गुणांच्या आधारावर वर्षभर इथे राहून नोकरी शोधायची परवानगी. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे गुण धरतात. आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण खर्चाची सोय दाखवावी लागते (२०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, हा आकडा बदलत असतो), आणि त्यावर स्वतःचा सल्लागारीचा धंदा चालवता येत नाही. तिसरा, थेट नोकरी मिळवून ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांना नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना. त्याची पगाराची सर्वसाधारण अट २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो होती. पदवी इथे मान्य आहे का ते अनाबिन या सरकारी यादीत फुकट बघता येतं. विद्यापीठाचं नाव आणि पदवीचं नाव, दोन्ही तपासा.

कोणताही रस्ता घेतला तरी पहिली नोकरी सल्लागाराची धरू नका. ती मिळणार नाही, आणि मिळाली तरी पहिल्याच बैठकीत फोरमन तुम्हाला विचारेल की तुम्ही कुठल्या मशीनवर काम केलंय. पहिली नोकरी शोधा ती दरपत्रक बनवण्याच्या विभागात. तिथे रोज शंभर प्रकारची कामं हाताखालून जातात, कागदाचे ताव कसे बसवायचे इथपासून गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं इथपर्यंत सगळं अंगवळणी पडतं. मीही तिथूनच आले, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातून. दोन-तीन वर्षांत आजूबाजूचे छापखाने तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. सल्ला विकायची वेळ त्यानंतर येते.

भाषेबद्दल मी कडक बोलणार आहे. जर्मनची बी-२ ही पातळी होईपर्यंत तिकीट काढू नका. इंग्रजीवर भागतं असं सांगणारे बहुतेक संगणक क्षेत्रातले असतात, त्यांचं खरोखर भागतं. आपल्या धंद्यात भागत नाही. जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन पुण्याला आणि मुंबईला आहे, ऑनलाइन वर्गही असतात. दिग्रसला बसून रोज दीड तास दिला तर होण्यासारखं आहे. अभ्यासाला पाठ्यपुस्तकाबरोबर इथल्या छापखान्यांची दरपत्रकं वापरा. ऑनलाइन छपाई विकणाऱ्या जर्मन साइट्सवर कागदाचं वजन, घडी, बायंडिंग, मुदत सगळं लिहिलेलं असतं. धंद्याचे शब्द आणि दर एकाच वेळी पाठ होतील.

तोपर्यंत तिथे बसून एक काम करा. काकांच्या छापखान्याचा आणि पुसद, आर्णी, दारव्ह्याच्या ज्या मालकांशी तुमचं बरं आहे अशा दोघा-तिघांचा वर्षभराचा तासाचा हिशोब मांडा. पैसे मागू नका, आकडे मात्र खरे मागा. लगीनसराईचे महिने आणि पावसाळ्याचे महिने वेगळे काढा, कारण आपल्याकडे मशीन चार महिने दम खात नाही आणि पुढे उपाशी बसतं. कोणतं काम सोडलं, कोणाचा दर वाढवला, सहा महिन्यांनी हातात किती उरलं, हे नावं झाकून दोन-दोन पानांत लिहा. आधी मराठीत लिहा, मग जर्मनमध्ये. इथल्या मालकासमोर ही पानं ठेवलीत तर तो वाचेल. पॅकेजिंगची तोंडओळखही करून घ्या: नागपूरच्या बाजूला खोके बनवणारे कारखाने आहेत, एखाद्या ठिकाणी महिनाभर नुसतं बघायला मिळालं तरी जा.

ड्युसेलडॉर्फचं द्रुपा हे छपाईचं जगातलं मोठं प्रदर्शन २०२४ मध्ये झालं, पुढचं मे २०२८ मध्ये आहे. मशीनवाले, कागदवाले, सल्लागार सगळे एका आवारात भेटतात. त्याच्या आधीच्या वर्षात बी-२ आणि ती पानं तयार असतील असं वेळापत्रक लावा. बाबांना आत्ता एवढंच सांगा की एजंटला आगाऊ रक्कम द्यायची नाही आणि सातबारा कोणाच्या हातात द्यायचा नाही. पहिला हिशोब मांडून झाला की मला पाठवा, आकड्यांत कुठे अडलात तर मी रविवारी फोनवर बसून बघेन.