पणजीचं गोंदण आणि बाईंचा मोको

लाडक्या चिऊ,

काल गाडीत तू विचारलंस, "पणजीच्या हातावर तुळशीवृंदावन आहे आणि आमच्या माओरी बाईंच्या हनुवटीवर नक्षी. दोन्ही एकच ना? मग मी पण हनुवटीवर काढू?" ऑकलंडच्या रहदारीत मी नुसतं "हो हो" म्हटलं. तसं म्हणायला नको होतं.

पणजी लहान असताना गावात गोंदणारीण यायची, सुया काजळीत बुडवून टोचायची. दागिने इथंच राहतात, वर जाताना गोंदण तेवढं सोबत येतं, असं पणजी म्हणते. तिच्या हातावरचं वृंदावन शेजारणीच्याही हातावर होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

बाईंच्या हनुवटीवर आहे तो मोको कौवाए, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, माओरींचं, हनुवटीवरचं गोंदण. त्यात त्यांचं कूळ आहे, वाडवडील आहेत. दुसरीनं तो उचलणं म्हणजे त्यांच्या आजीलाच आपली आजी म्हणणं. पूर्वी अल्बट्रॉस पक्ष्याच्या हाडाची छिन्नी ठोकून मोको कोरत, त्यामुळे कातडीवर चऱ्या पडत. तोंड सुजलं की नक्षीदार नरसाळ्यातून पातळ अन्न भरवत.

आणि मोकोची माओरी दंतकथा! माताओरा नावाच्या माणसानं बायकोवर, निवारेकावर, हात उगारला. ती पाताळात माहेरी निघून गेली. तो पश्चात्तापानं तिच्यामागे गेला. त्याच्या चेहऱ्यावरची नक्षी नुसती रंगवलेली होती. सासऱ्यानं, उएटोंगानं, हात फिरवला तशी ती पुसली गेली आणि सगळे हसले. मग सासऱ्यानंच त्याचा चेहरा कोरला, न पुसणारा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण मोको माताओराला मिळाला तो शरमेनं मान खाली गेल्यावर.

१८४० मध्ये इंग्रजांशी झालेल्या वैतांगीच्या तहावर काही माओरी सरदारांनी सही म्हणून आपल्या मोकोच्या रेषा काढल्या. पुढं गोऱ्यांच्या राज्यात पुरुषांच्या चेहऱ्यावरून मोको जवळजवळ नाहीसा झाला. बायकांनी हनुवटीवरचा मात्र बराच काळ टिकवला. न्यूझीलंडच्या नानाया माहुता यांनी २०१६ मध्ये खासदार असताना तो घेतला आणि २०२० मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या.

तर चिऊ, मोको तुला नाही काढता येणार. बाहेरच्यांसाठी त्या धर्तीची किरितुही नावाची नक्षी असते, तिच्यात कूळ नसतं. ती हवी असली तरी मोठी झाल्यावर, माओरी कलाकाराकडूनच.

पणजीचं वृंदावन मात्र तुझंच आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला विचार, टोचताना तिचे हात कुणी धरले होते.

तुझी,
आई