बाहेरच्या आयोजकांच्या मोठ्या स्पर्धांपुढे आपला पूल हॉल कसा टिकवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पूलचा, म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीने चेंडू पॉकेटात घालण्याच्या खेळाचा, हॉल चालवता, दर आठवड्याला एक छोटी स्पर्धा घेता. अलीकडे बाहेरचे आयोजक मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा भरवायला लागलेत, तुमचे नेहमीचे खेळाडू तिकडे वळलेत, आणि आता आपणही बक्षीस वाढवावं का, असं तुम्ही विचारताय.

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या हॉलमध्ये ड्रॉ लावलेत, टेबलं वाटलीत, रात्री उशिरा बक्षिसं दिलीत. माझं उत्तर स्पष्ट आहे. बक्षीस वाढवू नका, निदान सुरुवात तिथून करू नका. रकमेच्या चढाओढीत हॉल मागेच पडणार.

आयोजकाला वर्षातले मोजके दिवस गाजवायचे असतात. प्रायोजक, प्रवेश फी, थेट प्रक्षेपण हे सगळं तो त्या दोन-तीन दिवसांवर लावतो आणि पुढच्या गावाला जातो. तुम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा शटर उघडायचं असतं. तुमची कमाई टेबलाच्या तासांवर, आणि स्पर्धेत अडकतात ते नेमके हेच तास. ३२ जणांची डबल नॉकआऊट घ्या, म्हणजे दोनदा हरल्यावरच माणूस बाहेर. सामने होतात ६२, आणि अंतिम सामना दुसऱ्यांदा खेळवावा लागला तर ६३. सामन्याला पाऊण तास धरला तरी साडेसेहेचाळीस तासांचं टेबल गेलं. आठ टेबलं असली तर सहा तासांत उरकेल असं कागदावर वाटतं, पण तसं होत नाही. हरलेल्यांच्या बाजूच्या फेऱ्या एकीमागून एकच खेळवता येतात, त्यामुळे शेवटी शेवटी दोन टेबलांवर सामने चालू असतात आणि बाकीची टेबलं नुसती उभी. दहा तास सहज जातात. एवढे तास दिल्यावर वर बक्षिसातही स्वतःचे पैसे घातले, तर वर्षभरात तुम्ही थकाल. आयोजक थकणार नाही. (जाता जाता: टेबल मोकळं झालं की लगेच नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्या. स्पर्धा संपेपर्यंत सगळी टेबलं राखून ठेवणारे हॉल मी पाहिलेत, त्याचा उपयोग कोणालाच होत नाही.)

आता मुख्य मुद्दा. बक्षिसाचे पैसे येतात कुठून? पोस्टरवर नाव मोठ्या खेळाडूचं असतं, पण रक्कम बऱ्याच अंशी उभी राहते ती जिंकण्याची फारशी आशा नसलेल्यांच्या प्रवेश फीमधून. ड्रॉमधली खालची अर्धी नावं. हौशी, नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून एक-दोनदा खेळणारी माणसं. हीच माणसं इतर दिवशी तुमच्याकडे तासाचे पैसे देऊन खेळतात. चांगले खेळाडू मोठ्या बक्षिसामागे जाणार, ते साहजिक आहे, त्यांना अडवू नका आणि त्याबद्दल मनात धरूही नका. तुम्ही सांभाळायचे ते हे खालचे अर्धे.

हा माणूस मोठ्या स्पर्धेत जातो तेव्हा काय होतं ते नीट बघा. सकाळी लवकर पोचतो, फी भरतो, सरावाला टेबल मिळत नाही. पहिलाच सामना तगड्या खेळाडूशी. हा उभा, समोरचा रॅकमागून रॅक, म्हणजे डावामागून डाव, साफ करतोय. ०-५ अशा अवस्थेत एकदा ह्याच्या हातात टेबल येतं, तेही पांढरा चेंडू टेबलाच्या कडेच्या रबरी कुशनला चिकटलेला आणि समोर सेफ्टी लावलेली, म्हणजे सोपा फटका मिळू नये अशी मांडणी. पाऊण तासात खेळ खलास. मग हरलेल्यांच्या बाजूचा सामना कधी लागेल ते कोणी सांगत नाही. चार तास खुर्चीवर, नाव पुकारलं तर ऐकू येईल ना या धाकधुकीत. दुसरा सामनाही गेला की क्यू केसमध्ये घालून घरी. असं दोन-तीनदा झालं की तो मोठ्या स्पर्धेला जाणं सोडतो, पण त्याबरोबर स्पर्धा हा प्रकारच सोडतो, आणि हळूहळू तुमच्याकडे येणंही कमी करतो. गर्दी ओसरल्याचं खरं कारण बऱ्याचदा हे असतं.

त्याला तुम्ही जे देऊ शकता ते आयोजक देऊ शकत नाही: बरोबरीचा सामना.

यामागे आकडे आहेत. फार्गोरेट नावाची गुणपद्धत आज जगभर वापरली जाते. दोन खेळाडूंमध्ये १०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याने दोन रॅक जिंकले की खालचा एक जिंकणार, असा तिचा अंदाज. म्हणजे खालच्याला प्रत्येक रॅकमध्ये तीनात एक संधी. ऐकायला वाईट नाही. पण रेस टू सेव्हन, म्हणजे आधी सात रॅक जिंकेल तो विजयी, अशी खेळवली, तर पूर्ण सामना जिंकण्याची त्याची शक्यता साधारण दहात एक उरते. तीनची रेस लावली तर पाचात एक. रेस जेवढी लांब, तेवढा दुबळा खेळाडू नक्की हरणार. आता त्याच दोघांना हँडिकॅप द्या, म्हणजे जिंकायला लागणारे रॅक ताकदीप्रमाणे कमी-जास्त करा: वरच्याला ७ रॅक, खालच्याला ४. खालच्याची शक्यता एकदम ४४ टक्क्यांवर जाते. तेच दोघे, तेच टेबल, आणि आता दोघांनाही शेवटच्या रॅकपर्यंत खुर्चीत टेकून बसता येत नाही.

हँडिकॅप म्हटलं की मुद्दाम खराब खेळून खालचा वर्ग मिळवणारे येतातच. इथे तुमचं पारडं आयोजकापेक्षा जड आहे. तो बाहेरचा, त्याच्यापुढे फक्त नावांची यादी. तुम्ही त्या माणसाला इतर दिवशी खेळताना बघता, त्याचा ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा पहिला फटका, कसा बसतो, पॉकेटच्या तोंडावरचा चेंडू तो एरवी चुकवतो का, हे तुम्हाला ठाऊक असतं. प्रत्येक सामन्याचे रॅक लिहून ठेवा, हँडिकॅप फळ्यावर सगळ्यांना दिसेल असे लावा, आणि वाढवायचा झाला तर दोन स्पर्धांच्या मध्ये वाढवा, चालू स्पर्धेत नको. त्यावर भांडणं होतील. होऊ द्या, पण नियम सगळ्यांना एकच ठेवा, मालकाच्या मित्रालासुद्धा.

दुसरं, पहिल्या दोन फेऱ्यांत बाहेर पडलेल्यांसाठी त्याच दिवशी छोटी दुसरी संधी ठेवा. साधा नॉकआऊट, रेस टू थ्री, नाममात्र फी. आणि बक्षीस वाटताना सगळं पहिल्या दोघांना देऊ नका. ३२ जणांत आठ जणांपर्यंत काहीतरी पोचू द्या, आठव्याला निदान प्रवेश फी परत मिळाली पाहिजे. पोस्टरवर पहिलं बक्षीस लहान दिसेल, त्याची चिंता करू नका. फी परत मिळालेला माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा नाव देतो, हे मी वारंवार पाहिलंय.

तिसरं म्हणजे लीग. अमेरिकेत १९७९ साली टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी हौशींसाठी सांघिक लीग सुरू केली, तीच पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन झाली. पाया तोच: हँडिकॅप, आठवड्याची ठरलेली रात्र, आणि सामने स्थानिक टेबलांवर. सांघिक लीगमध्ये माणूस हरला तरी त्याचा संघ जिंकू शकतो, आणि पुढच्या आठवड्यात तो आला नाही तर संघातलेच त्याला फोन करतात. हॉलच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट म्हणजे लीग मंदीच्या रात्री भरते. आयोजकाची स्पर्धा सुटीच्या दिवसांची, तुमची लीग कामाच्या दिवसांची. इथे टक्कर होतच नाही.

बाहेरचा आयोजक म्हणजे शत्रू, असं मात्र मी मानत नाही. खेळाला मोठं व्यासपीठ लागतं, आणि ते बऱ्याचदा हॉलमधूनच उभं राहिलंय. यूएस ओपन नाईन-बॉल (नाईन-बॉल हा पूलचाच एक प्रकार) ही आज या खेळातली सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक. ती १९७६ साली व्हर्जिनियात सुरू केली बॅरी बेहरमन यांनी, आणि ते स्वतः पूल हॉलचे मालक होते. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे ही स्पर्धा मॅचरूम या ब्रिटिश आयोजक कंपनीकडे गेली आणि २०१९ ला लास वेगासला भरली. एका हॉलवाल्याने एवढी वर्षं जपलेली स्पर्धा शेवटी मोठ्या आयोजकाच्या हातात गेली, यात मला दुःख वाटतं आणि समाधानही. ती जिवंत आहे, मोठी झाली आहे.

उलट उदाहरणही आहे. २००६ मध्ये इंटरनॅशनल पूल टूर नावाच्या मालिकेने अमेरिकेतल्या रेनोमध्ये एट-बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकाराची स्पर्धा घेतली. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस जिंकला, पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर. पूलमध्ये एवढी रक्कम तोवर कोणी ऐकली नव्हती. पण जाहीर झालेले पैसे खेळाडूंना वेळेवर मिळाले नाहीत आणि त्या भव्य रूपात मालिका पुढे चालली नाही. म्हणून माझा आग्रह असतो की हॉलच्या स्पर्धेत किती जण आले, किती फी जमली, त्यातलं किती हॉलचं, किती बक्षिसाचं, हे पहिला ब्रेक व्हायच्या आधी फळ्यावर लिहावं आणि पैसे त्याच रात्री हातात द्यावेत. रक्कम छोटी असली तरी खेळाडू यावर विश्वास ठेवून येतात. खेळाडूंवर बोली लावण्याचे प्रकार मात्र हॉलबाहेर ठेवा. त्यात पैसा दिसतो, पण भांडणं आणि कायद्याची कटकट तुमच्या दारात येते.

मग आयोजकाशी नातं कसं ठेवायचं? त्याच्या तारखा आधी मागून घ्या आणि त्या आठवड्यात आपली स्पर्धा ठेवू नका. उलट त्याआधीचे तीन-चार आठवडे आपल्याकडे पात्रता फेऱ्या घ्या. जमलेल्या फीमधून विजेत्याची मोठ्या स्पर्धेची प्रवेश फी भरायची, उरलं तर प्रवासाला द्यायचं. असं केलं की त्याचं मोठं बक्षीस तुमच्या छोट्या स्पर्धेचं आकर्षण बनतं, तुमच्या खिशातून काही न जाता. आयोजकालाही भरलेल्या जागा हव्याच असतात, तो सहसा नाही म्हणत नाही. आणि हॉलमधला एकजण तिकडे खेळायला गेला की बाकीचे त्या दिवशी तुमच्याकडे बसून त्याचा सामना स्क्रीनवर बघतात.

त्याला स्पर्धा तुमच्याच हॉलमध्ये घ्यायची असेल, तर होय म्हणण्याआधी लेखी ठरवा: टेबलांचं भाडं तासावर की दिवसावर, प्रवेश फी कोणाच्या हातात, बक्षिसाची जाहीर रक्कम आधी जमा होणार का, फाटलेल्या कापडाची भरपाई कोण करणार, आणि जमलेल्या नावा-नंबरांची यादी कोणाची. शेवटचा मुद्दा बहुतेक हॉलवाले विसरतात. ती यादी म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आहे.

एक गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे, ती म्हणजे टेबल. बाहेरच्या जागेत आणलेलं नऊ फुटी टेबल तिथे जोडावं लागतं. कापडाखालच्या दगडी पाटीचे सहसा तीन तुकडे, ते समपातळीत आणायचे, सांधे भरायचे, वर नवं कापड ताणायचं. नव्या कापडावर चेंडू जास्त घसरतो आणि कुशनवरून नेहमीच्या कोनात येत नाही, हौशी खेळाडू तिथे गांगरतो. तुमची टेबलं वर्षभर जागची हलत नाहीत, त्यामुळे ती उत्तम राखता येतात. एक चेंडू अगदी हळू सोडा, समोरच्या कुशनपर्यंत जेमतेम पोचेल इतका. शेवटच्या वीतभरात तो बाजूला वळला, तर टेबल सांगतंय की पातळी गेली. दर महिन्याला प्रत्येक टेबलावर, लांबीला आणि रुंदीलाही, हे करा. चेंडू रोज पुसा, कापड झाडून घ्या, ब्रेकच्या जागी कापड झिजलं असेल तर बदला. बक्षिसात घालायला काढलेले पैसे आधी इथे घाला.

तुमच्याकडे टेबलं किती, नऊ फुटी की सात फुटी, आणि नेहमी येणारे साधारण किती जण, हे खाली लिहा. त्यावरून फेऱ्या कशा लावायच्या आणि हँडिकॅपचा तक्ता कसा बसवायचा ते मी सविस्तर मांडून देईन.