एकच वाय-फाय, तीन वेग

प्रश्न : कोथरूडला टू बीएचके आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये मोबाइलवर १८० मिळतात, आतल्या खोलीत लॅपटॉपवर जेमतेम २५, तर केबल जोडलेला टीव्ही ९४च्या वर जातच नाही. राउटर बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. टीव्हीचा विषय आधी मिटवू. बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे ९४ म्हणजे ठणठणीत. मात्र गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टचा लॅपटॉपही त्याच केबलवर ९४ला अडला, तर केबल बदला. गिगाबिटला आठही तारा धड लागतात. एखादी तुटली की जोडणी सहसा १००वर उतरते. ‘कॅट-५ई’ प्रकारची केबल पुरेशी आहे.

राउटर सहसा दोन बँडवर, म्हणजे रेडिओ-पट्ट्यांवर चालतो : २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. लॅपटॉपचं दुखणं बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झचं. दोन्ही बँडना एकच नाव असेल, तर आतल्या खोलीत गेल्यावर लॅपटॉप मुकाट्याने २.४ धरतो, आणि तिथे अख्ख्या सोसायटीचे राउटर गर्दी करून असतात. राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरची सेटिंग्ज उघडा, ५ गिगाहर्ट्‌झला वेगळं नाव द्या नि लॅपटॉप त्यावर जोडा. २.४साठी चॅनल (बँडमधला कप्पा) १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा निवडा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ.

५ गिगाहर्ट्‌झ भिंतींपुढे लवकर दमतं. म्हणून टीव्हीमागे कोंबलेला राउटर (आपल्याकडे तो हमखास तिथेच असतो!) पॅसेजमध्ये, उंचावर आणा. तरीही भागलं नाही, तर स्वस्त एक्स्टेंडरच्या (वाय-फाय पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीच्या) नादी लागू नका. एकाच बँडवर घेणं-देणं करताना वेग निम्म्यावर येतो. आतपर्यंत केबल ओढून एखादा जुना, जादा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो केबलवरून आलेलं इंटरनेट त्या खोलीत वाय-फायने देईल.