गाठ सोडू नकोस

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा सायंकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी भेटलास आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाची अडचण सांगता सांगता चिरमुऱ्यांची पुडी कट्ट्यावरच विसरलास, तेव्हाच हे पत्र लिहायचे ठरवले. आईला सत्यनारायण हवा, मित्रांना हॉल आणि केक, सूनबाईंना तुळजापूर, आणि तू मात्र तिथी की तारीख यातच अडकलेला.

तो घोळ आधी मिटवतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तिथी दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते, अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते आणि बहुधा १९ वर्षांनी तारखेशी जुळते. पूजा तिथीला कर, तारखेला तिला बाहेर जेवायला ने. केकने धर्म बुडत नाही. मुद्दा एवढाच आहे की जे कराल ते दोघांनी शेजारी बसून, उपरण्याला बांधलेली पदराची गाठ न सोडता करावे.

आमच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी दीडशे पाने वाढवली. संकल्प सोडताना तुझ्या काकूने माझ्या हाताला हात लावला, पळीभर पाणी ताम्हनात पडले, आणि तेवढ्यात शिरा लागतो आहे अशी स्वयंपाकघरातून हाक आली. तिने गाठ सोडली व ती उठली. तिच्या जागी गुरुजींनी सुपारी दिली, ती मी निमूटपणे कनवटीला खोचली आणि कथेचे पाचही अध्याय रिकाम्या पाटाशेजारी बसून ऐकले. मला त्यात काहीही वावगे वाटले नाही, हेच आज बोचते. दोष माझा एकट्याचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. एकत्र कुटुंब, गिरणीतली पाळी आणि वडीलधाऱ्यांचा शब्द यांपुढे त्या काळी कोण काय बोलणार होते? आचारी सांगता आला असता, हे काकू अजूनही ऐकवते. आला असता, खरे आहे.

तू सोलापूरचा आहेस, म्हणून हे तुला तरी समजावे. कुंभारकन्येचा विवाह आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्वतःच्या योगदंडाशी लावून दिला, ती कथा तू लहानपणापासून ऐकली आहेस. दर जानेवारीत यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, संमती कट्ट्यापाशी येतात, त्या लग्नाच्या संमतीचे वाचन होते आणि ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ या घोषात अक्षता पडतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या लग्नाची संमती हे गाव दर वर्षी नव्याने वाचते, आणि आपण आपली संमती एकदाच देतो, तीही होमाच्या धुरात डोळे चोळत, अर्थ न कळता! तेव्हा गुरुजींकडून कन्यादानातले वचन आणि सप्तपदी अर्थासह लिहून घे, आणि पूजेनंतर त्याच पाटांवर बसून दोघांनी वाचा. धर्मात, अर्थात आणि कामात तिला ओलांडून जाणार नाही, ‘नातिचरामि’, असे तू म्हणाला आहेस. वर्षभरात कुठे ओलांडलेस, हे तिला विचार आणि तिचे बोलणे पुरे होईपर्यंत गप्प बस. मी भविष्य निर्वाह निधीतले पैसे भावाला दिले, ते काकूला आठ महिन्यांनी कळले, आणि तेही शेजारणीकडून. सातव्या पावलाला ‘सखा’ हा शब्द आहे. सख्याला असे शेजारणीकडून कळत नसते.

तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे, एका दिवसात जाऊन येता येते, अवश्य जा. फक्त गाडीत आत्या, मावशी आणि त्यांची नातवंडे भरू नकोस, नाहीतर दर्शनाच्या रांगेत सूनबाई कुणाची तरी पिशवी सांभाळत उभी राहील आणि तू पाच माणसे पुढे असशील. पुन्हा सांगतो, गाठ सोडू नकोस. आईला राग आला तर माझे नाव सांग. मी त्यांना आधीही न आवडणाराच आहे.

आम्ही आता वाढदिवसाला जेवण घालत नाही. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या ६८ लिंगांपैकी चार लिंगांचे दर्शन दर वर्षी पायी घेतो. यंदा २८ पूर्ण होतील. काकूचे गुडघे दुखतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी बराच वेळ बसावे लागते. दिव्यात तेल ती घालते, मी तिच्या हाताला हात लावतो. तू बरोबर येऊ का म्हणून विचारशील, तर येऊ नकोस. त्या दिवशी आम्ही कोणालाही बरोबर नेत नाही.

तुझा,
काका