येशू कॅथलिक होते की प्रोटेस्टंट? आणि मग एवढे पंथ आले कुठून?

तुम्ही विचारलंय की येशू ख्रिस्त स्वतः ख्रिश्चन होते का, असतील तर कॅथलिक की प्रोटेस्टंट, आणि गुरू एक असताना शिष्यांचे एवढे पंथ कसे झाले. माझी आई वसईची कॅथलिक आणि वडील नगरचे प्रोटेस्टंट. 'तू नक्की कुणातली?' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. येशू यहूदी, म्हणजे ज्यू होता. (एकेरी लिहितेय, कारण आमच्या मराठी बायबलमध्ये तसंच येतं. विठोबाला आपण 'अरे विठ्या' म्हणतो तशीच ही जवळीक आहे.) आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, बाराव्या वर्षी आईवडील त्याला वल्हांडणाच्या (मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणून यहूदी पाळतात त्या) सणाला यरुशलेमला घेऊन गेले, आणि मोठेपणी 'आपल्या परिपाठाप्रमाणे' तो शब्बाथला सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात जायचा, असं येशूचं चरित्र लिहिणारा लूक सांगतो. हा परिपाठ शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. दर शनिवारी, न चुकता. नासरेथच्या सभास्थानात तो वाचायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात यशया संदेष्ट्याची गुंडाळी होती. नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ती भाग, तेव्हा लिहिलाच गेला नव्हता. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर त्याने जे उत्तर दिलं, त्याची सुरुवात यहुदी माणूस आजही रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो त्या ओळीने होते: हे इस्राएला, ऐक. वधस्तंभावर रोमन लोकांनी जी पाटी लावली तिच्यावरही 'यहुद्यांचा राजा' असंच लिहिलं होतं.

हे सगळं मला पाठ होतं, पण कळलं ते अलिबागला. माझी एक मैत्रीण तिथल्या इस्रायल आळीतली, बेने इस्रायली. घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी. कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. तिने एकदा कपाटातून आजोबांची प्रार्थनेची शाल काढून माझ्या हातात दिली. पांढरी, काठाला पट्टे, आणि चारी टोकांना गाठी मारलेल्या दोऱ्यांचे गोंडे. मी त्या गोंड्याकडे बघतच राहिले. बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली बाई मागून येऊन येशूच्या 'वस्त्राच्या गोंड्याला' शिवते, ही गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये पन्नास वेळा वाचली होती. तो गोंडा मला पदराच्या गोंड्यासारखा, शोभेचा वाटायचा. तो हा होता. देवाच्या आज्ञांची आठवण राहावी म्हणून यहुद्यांच्या नियमशास्त्रात सांगितलेला गोंडा. आमचा प्रभू अंगावर तो घालून गालीलात फिरत होता.

मग त्याचं परूश्यांशी भांडण का झालं? त्याच्या काळी यहुद्यांमध्येच परूशी, सदूकी, एसेनी असे पंथ होते आणि शब्बाथला काय चालतं, काय नाही यावर त्यांचे जोरदार वाद चालत. येशूचे वाद हे त्या घरातले वाद आहेत. नियमशास्त्र रद्द करायला मी आलेलो नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं. 'ख्रिस्त' हेसुद्धा आडनाव नव्हे. 'मशीहा' म्हणजे अभिषिक्त, या हिब्रू शब्दाचं ते ग्रीक भाषांतर आहे. 'ख्रिस्ती' हे नाव त्याच्या अनुयायांना त्याच्यामागे काही वर्षांनी, सीरियातल्या अंत्युखियात मिळालं.

आणि पहिली फूटही तिथलीच, जेवणाच्या पंगतीवरून. सुंता न झालेले ग्रीक लोक येशूवर विश्वास ठेवू लागले होते. येशूचा शिष्य पेत्र त्यांच्याबरोबर जेवायला बसायचा. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तसा तो हळूच बाजूला झाला. पौल या प्रचारकाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. हे पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलंय, आणि ते वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहूदी व्हावं लागतं का, हा तो प्रश्न. इ. स. ५०च्या सुमारास यरुशलेमच्या बैठकीत ठरलं, की नाही, सुंतेची सक्ती नाही. तिथून दार उघडलं. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, नंतर यहूदी अनुयायी कमी होत गेले आणि इतर वाढत गेले.

पुढचे पंथ येशूच्या कुठल्या आज्ञेतून निघालेले नाहीत. तो कोण होता, हे शब्दांत बसवताना आणि कुणाचं ऐकायचं हे ठरवताना ते निघाले. त्यासाठी बिशपांच्या मोठ्या परिषदा झाल्या: ३२५ची निकेया परिषद, मग ४५१ची खाल्केदोन परिषद. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण कसं सांगायचं यावर इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियन आणि सीरियाचे बरेच ख्रिस्ती वेगळे झाले, ते आजही वेगळेच आहेत.

१०५४ साली रोमचं चर्च (आजचे कॅथलिक) आणि कॉन्स्टँटिनोपलचं चर्च (आजचे ऑर्थोडॉक्स) यांनी एकमेकांना बहिष्कृत केलं. पोपचा अधिकार किती हा मुख्य वाद. पण एक वाद भाकरीचाही होता. रोमचे लोक प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या विधीत, बेखमीर (न फुगवलेली) भाकर वापरत, कारण ते भोजन वल्हांडणाचं, आणि त्या सणाला तशीच भाकर खातात. ग्रीक म्हणत, फुगलेला पाव हवा, तीच पुनरुत्थानाची खूण. हे बहिष्कार मागे घ्यायला १९६५ साल उजाडलं.

१५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं विकण्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. 'प्रोटेस्टंट' हे नाव आलं १५२९ मध्ये, श्पायरच्या सभेत काही जर्मन राजांनी निषेध नोंदवला त्यावरून. म्हणजे तुमच्या प्रश्नातला 'प्रोटेस्टंट' हा शब्दच येशूनंतर दीड हजार वर्षांनी जन्मलेला. 'कॅथलिक' मात्र खूप जुना, अर्थ 'सार्वत्रिक'. आणि हेही सांगायला हवं, की 'तू पेत्र (म्हणजे खडक) आहेस, या खडकावर मी माझी मंडळी (म्हणजे चर्च) रचीन' या येशूच्या वाक्यावर माझ्या आईकडचे लोक पोपची परंपरा उभी करतात. वडिलांकडचे लोक तेच वाक्य पेत्राच्या विश्वासाबद्दल मानतात. इथे इतिहास कुणा एकाच्या बाजूने निकाल देत नाही.

ल्यूथरबद्दल एक गोष्ट मला आजही सलते, आणि मी त्याच्याच बाजूच्या घरातली आहे. १५२३ मध्ये त्याने येशू जन्माने यहूदी होता हे शीर्षकातच सांगणारी पुस्तिका लिहिली. वीस वर्षांनी, १५४३ मध्ये, त्याच माणसाने यहुद्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं. नाझींनी ते वापरलं. यहुद्यांवर ख्रिस्ताच्या मृत्यूचा सरसकट दोष ठेवता येत नाही, हे व्हॅटिकनने अधिकृतपणे म्हटलं तेही १९६५ मध्येच. म्हणून 'येशू कोणत्या धर्माचा?' हा प्रश्न मला हलका वाटत नाही. त्याचं उत्तर विसरल्यामुळे माणसं मारली गेली आहेत.

आता आपल्याकडचं. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली, म्हणून तिथले कॅथलिक. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे नगरला गेले, ते काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचे. नाशिकला चर्च ऑफ इंग्लंडचे लोक आले, बाणकोटकडे स्कॉटिश. कोण कोणत्या पंथाचा, हे बहुतेक वेळा पणजोबांना कोणत्या देशाचा मिशनरी भेटला त्यावर ठरलं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या पंथांच्या गलबल्याने चक्रावून गेल्या होत्या, हे त्यांनी स्वतः लिहिलंय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठेपणी, यावरून युरोपात माणसांना बुडवून मारलं गेलं होतं. नागपुरात दोन्ही पद्धती मान्य केल्या गेल्या. वडील सांगतात, आमच्या चर्चच्या पाटीवरचं नाव बदललं, बाकं तीच राहिली.

कॉलेजच्या होस्टेलमध्ये माझी एक रूममेट कोट्टयमची होती, सीरियन ख्रिस्ती. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री त्यांच्या घरी तांदळाची बेखमीर भाकर करतात. घरातला कर्ता पुरुष प्रार्थना करून ती मोडतो आणि सगळ्यांना वाटतो. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल तर करत नाहीत, शेजारचे आणून देतात. एका वर्षी सुट्टी नव्हती, तर तिने आमच्या खोलीत इलेक्ट्रिक शेगडीवर ती वाफवली आणि मोडून निम्मी मला दिली. नाव विचारलं, तर म्हणाली, 'पेसहा अप्पम'. पेसहा म्हणजे पेसाख, म्हणजेच आपल्या मराठी बायबलातला वल्हांडण.