वाचकांचे प्रश्न : जलपरीचा दुःखद शेवट मुलांना दाखवावा का?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला डिस्नीचा १९८९ चा जलपरीचा चित्रपट तोंडपाठ झाला आहे. आता तिला तोएई या जपानी संस्थेचा १९७५ चा जलपरीवरील चित्रपट दाखवावा, असे मनात आहे. परंतु त्यात शेवटी जलपरी मरते, असे कळले. जपानी दिग्दर्शकाने मूळ गोष्ट बदलली आहे का? आणि एवढ्या लहान मुलीला हा शेवट दाखवणे योग्य ठरेल का?

उत्तर : गोष्ट बदलली ती डिस्नीने. हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाची ही कथा १८३७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात राजपुत्राचे लग्न दुसऱ्याच राजकन्येशी होते. तोमोहारू कात्सुमाता यांनी दिग्दर्शित केलेला तोएईचा चित्रपट या कथेशी इमान राखतो. मरीना हे जलपरीचे नाव आणि फ्रिट्झ हा तिचा डॉल्फिन मित्र यांसारखी भर त्यात आहे, पण कथेचा कणा अँडरसनचाच आहे. याच कात्सुमातांनी ‘माझिंगर झेड’ या महाकाय यंत्रमानवाच्या मालिकेसाठीही दिग्दर्शन केले होते, हे ध्यानात घेतले की त्यांनी इथे दाखवलेला संयम अधिकच उठून दिसतो. पुढे तोएईने १९७७ मध्ये हंस झालेल्या राजपुत्रांची आणि १९७८ मध्ये अंगठ्याएवढ्या मुलीची, अशा अँडरसनच्याच आणखी दोन कथा पडद्यावर आणल्या.

आता शेवटाविषयी. समुद्रातल्या चेटकिणीला आपला आवाज देऊन जलपरीने माणसाचे पाय मिळवलेले असतात, आणि राजपुत्राने दुसरीशी लग्न केले, तर तिचा फेस होणार असतो. जलपरीच्या बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन त्या बदल्यात एक सुरी आणतात; सूर्योदयापूर्वी तिने राजपुत्राला मारले, तर त्याचे रक्त पायांवर पडताच तिला पुन्हा माशाची शेपटी मिळणार असते. ती झोपलेल्या राजपुत्राकडे पाहते, सुरी समुद्रात भिरकावते आणि पाण्यात उडी घेऊन फेस होते. म्हणजे तिचा मृत्यू हा चेटकिणीचा विजय नसून, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यायचा नाही, हा तिने पूर्ण शुद्धीत घेतलेला निर्णय आहे. सात वर्षांच्या मुलाला एवढे नक्की कळते, असे माझे ठाम मत आहे. डिस्नीच्या, लग्नाने संपणाऱ्या गोष्टीत जलपरीच्या वाट्याला हा निर्णय येतच नाही.

अँडरसनची कथा फेसापाशी थांबत नाही, हेही मुलीला अवश्य सांगावे. जलपऱ्या तीनशे वर्षे जगतात, परंतु त्यांना अमर आत्मा नसतो, आणि राजपुत्राच्या प्रेमाइतकीच या आत्म्याची ओढ तिला समुद्राबाहेर आणते. शेवटी ती हवेच्या कन्यांमध्ये जाते आणि तीनशे वर्षांच्या सत्कृत्यांनी आत्मा मिळवण्याची संधी तिला लाभते. मूल गुणी असेल तर त्या मुदतीतले एक वर्ष कमी होते आणि खट्याळ मुलासाठी गाळलेल्या प्रत्येक अश्रूने एक दिवस वाढतो, असे जे अँडरसनने जोडले आहे, ते मात्र वगळावे. जलपरीच्या सुटकेचे ओझे मुलांच्या वागण्यावर टाकणे मला कधीच पटलेले नाही.

चित्रपट एका बैठकीत, तिच्याजवळ बसून पाहावा. सुरीच्या प्रसंगी तो थांबवू नये, कारण भीती तिथेच अडकून राहते आणि सुरी फेकून देण्यातला दिलासा मिळत नाही. ती रडली, तर रडू द्यावे आणि राजपुत्राला काहीच कसे कळले नाही, असे तिने विचारले, तर जलपरीचा आवाज चेटकिणीने घेतला होता, याची आठवण करून द्यावी.