खोट आणि खोड

कोल्हापूर,
शुक्रवार, रात्री

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. एकदा रंकाळ्यावर बाकावर बसून, आणि दुसऱ्यांदा घरी, पेन्सिल घेऊन. वाचन मंदिरात भेटलीस तेव्हा "काका, गोड बोलू नका, खरं काय ते सांगा" म्हणाली होतीस. तर ऐक.

पहिली बारा पानं लई भारी. नवंकोरं लढाऊ अवकाशयान गोदीत उभं आहे, रंगाचा वास अजून गेलेला नाही, असली तोफ आजवर कुठल्याच यानावर बसलेली नाही, आणि नव्यानं भरती झालेली पोरं आ वासून बघतायत. इथवर माझा चहा गार झाला. तेराव्या पानावर यान पहिल्यांदा तोफ डागतं आणि त्याचे दोन तुकडे होतात. का? 'मूळ आराखड्यातच दोष होता.' एवढं एक वाक्य, आणि पुढं सगळी रडारड. चाळीस वर्षं उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरून वाळूत साचा घेतात ते लाकडी नमुने, करण्यात गेली माझी. माल परत आला की 'आराखड्यात दोष होता' म्हटल्यावर आम्हाला कुणी सोडलं नाही. तुझ्या आरमाराला मी कसा सोडू?

आपल्याकडं दोन शब्द आहेत, कानाला सारखेच. खोट आणि खोड. खोट असते ओतीव मालात. कास्टिंग वरून गुळगुळीत, पण आतून तडकलेलं. हातोडीनं हलकं ठोकलं की चांगला नग खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. ब्लोहोल, म्हणजे वायूच्या फुग्यानं पडलेली पोकळी, असला तर काही जण त्यात लांबी (पुट्टी) भरून वरून ग्रॅफाइट फासतात. तेही पाहिलंय, कुठं ते विचारू नकोस. खोड मात्र जित्या जनावराला असते.

आमच्या वडिलांकडं एक बैल होता, कामाला वाघ. पण ओढ्यावरच्या पुलावर आला की पाण्याकडं बघून बुजायचा आणि डावीकडं रेटायचा. वडील पुलाच्या अलीकडं गाडीतून उतरायचे, त्याच्या डाव्या अंगाला जाऊन कासरा आखूड धरायचे, चुचकारत पल्याड न्यायचे आणि परत चढून बसायचे. रोज. आम्हा पोरांना तो पूल म्हणजे वडील उतरतात ती जागा, एवढंच ठाऊक. एका सुगीत वडील तापानं पडले म्हणून चुलत्यांनी उसाची गाडी काढली. गाडी हाकण्यात चुलते वडिलांपेक्षा सरस. पुलावरून गाडी ओढ्यात गेली. बैल वाचला, जू मोडलं, ऊस भिजला. चुलते घरी येऊन एवढंच म्हणाले, "आरं, सांगायचं न्हवतं व्हय?" वडिलांना खरंच सुचलं नव्हतं. इतकी वर्षं उतरून उतरून त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तुझ्या यानाला खोट आहे, खोड नाही. म्हणून ते एकदाच मोडतं, तुला हवं त्या पानावर, आणि त्याच्याबरोबर कुणीच काही दिवस काढलेले नसतात.

आता आकडे. यान २०० मीटर लांब, १०,००० टन वजनाचं, हे पान ४ वर तूच लिहिलंयस. गोळा २० किलोचा, वेग सेकंदाला १० किलोमीटर. मांडून बघ. धक्क्यानं यान मागं सरकेल सेकंदाला २ सेंटिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीनं. तोफेची बैठक उखडेल कदाचित, पण यानाचे दोन तुकडे? नाही पटत. मात्र तोफ तू बसवलीस डाव्या कुशीत, मधल्या रेषेपासून १५ मीटर बाजूला. हे वाचून मी उठून बसलो. कारण धक्का गुरुत्वमध्यातून गेला नाही की यान नुसतं सरकत नाही, वळतंही. नाक डावीकडं. आमच्या बैलासारखं! आणि तिथं ना हवा ना पाणी, एकदा वळायला लागलं की थांबवल्याशिवाय थांबत नाही. यान म्हणजे सारख्या जाडीची सळई असं धरून ढोबळ हिशेब केला. मिनिटाला जेमतेम एक तृतीयांश अंश. डोळ्याला कळणारसुद्धा नाही. पण १,००० किलोमीटरवरच्या लक्ष्यावर मिनिटानंतर दुसरा गोळा सोडलास तर तो पाच किलोमीटर बाजूनं जाईल.

गोदीतल्या लोकांना हे कळलेलं असणारच. त्यांनी तक्ता करून दिला असेल, अमुक गोळ्यानंतर यान सावरायला विरुद्ध बाजूच्या छोट्या इंजिनाचा झोत अमुक सेकंद. पण तो तक्ता भरल्या टाक्यांचा. इंधन जळत जाईल तसा गुरुत्वमध्य जागा सोडतो, आणि अर्ध्या टाक्यांवर तोच तक्ता थापा मारायला लागतो. पान ७ वर तुझा एक म्हातारा सुकाणूवाला आहे, दोन वाक्यं बोलून गायब होतो तो. हे त्याला माहीत असू दे. तक्ता न बघता, हुकूम पुरा व्हायच्या आत त्याचा अंगठा झोताच्या बटणावर जाऊ दे. शेजारी बसलेल्या पोराला वाटू दे की म्हाताऱ्याला चाळाच आहे. मग म्हाताऱ्याला आजारी पाड. त्याच्या जागी त्याच्यापेक्षा हुशार, परीक्षेत पहिला आलेला कुणीतरी आण. पुढचं मी सांगायला नको.

खरी जहाजंही बघ जरा. स्वीडनचं वासा १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं आणि दीड किलोमीटरही गेलं नाही. वाऱ्यानं कललं, खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं, आणि ६४ तोफांसकट तळाला. कारण काय, तर वर वजन फार, खाली कमी. हे तू लिहू नकोस, हे कुणीही लिहील. त्याआधी धक्क्यावर जे झालं ते बघ. जहाज किती डोलतं हे पाहायला ३० खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवलं. तीन फेऱ्यांतच ते इतकं डोलायला लागलं की जागेवर उलटेल म्हणून पळापळ थांबवली. आरमाराचा व्हाइस ॲडमिरल क्लास फ्लेमिंग तिथं हजर होता. राजा गुस्ताव अडॉल्फ लढाईवर, आणि त्याला जहाज लवकर हवं. बांधणारा मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारलेला. जहाज निघालं. बुडाल्यावर चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. त्या ३० जणांनी त्या रात्री जेवताना एकमेकांना काय सांगितलं असेल? का कुणी बोललंच नसेल? तुझं तेरावं पान तिथं आहे.

वासा १९६१ मध्ये वर काढलं. त्यात कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, १२ इंची, आणि दोन ॲम्स्टरडॅम फुटाच्या, ११ इंची. जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा जाड भरली. नुसत्या पट्ट्यांनी ते बुडालं असं नव्हे, पण हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

का ते सांगतो. पॅटर्नवाल्याकडं दोन पट्ट्या असतात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीवरचे इंचच मुळात मोठे आखलेले. बिडाच्या पट्टीवर शेकडा एक, पोलादाच्या पट्टीवर शेकडा दोन. दिसायला जुळ्या बहिणी. एकदा एका पंपाच्या बॉडीचा पॅटर्न अर्धा झाला होता आणि गिऱ्हाइकानं निरोप धाडला, बीड नको, पोलाद पाहिजे. शनिवारी ट्रक जायचा होता. मी उरलेला अर्धा पोलादाच्या पट्टीनं पुरा केला. दोन अर्धी एकमेकांवर ठेवली तर फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक. दिसला मला. मी पटाशी घेतली, कडेनं तासलं, पॉलिश पेपर मारला, फरक गेला. म्हणजे दिसायचा गेला. अकरा नग ओतले. मशिनवर चढवले तेव्हा भोकं समोरासमोर येईनात. मालकांनी मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा घालणाऱ्याला, झापलं, वाळूला नावं ठेवली, आणि मी मान खाली घालून रंधा मारत होतो. हे आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

तर तुझा ॲडमिरल. त्याला तू मिशाळ मूर्ख केलायस, टेबलावर मुठी आपटणारा. मूर्ख माणसानं केलेल्या चुकीत वाचकाला काय रस? मी मूर्ख नव्हतो, मला शनिवारचा ट्रक गाठायचा होता. इंग्रजांच्या आरमारात कॅप्टन नावाचं जहाज होतं. कूपर कोल्स नावाच्या अधिकाऱ्यानं फिरत्या बुरुजातल्या तोफांची कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली आणि शेवटी स्वतःच्या मनासारखं जहाज बांधून घेतलं. ते ठरल्यापेक्षा जड भरलं, डेक पाण्याला नको तितकी जवळ आली, आणि वर शिडांचा सगळा पसारा. सप्टेंबर १८७० मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ रात्रीच्या वादळात उलटलं. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली. त्यात कोल्सही होता, आपल्याच जहाजावर. त्याच्या कल्पनेत काही चूक नव्हती हे विसरू नकोस. फिरते बुरुज पुढं सगळ्यांनीच घेतले. असला माणूस तुझ्या गोष्टीत पाहिजे. यानावर चढणारा.

(आपल्या विजयदुर्गावरही इंग्रज १७२० मध्ये असलाच एक प्रयोग घेऊन आले होते, फ्राम नावाचा तरंगता तोफखाना. कान्होजी आंग्र्यांच्या किल्ल्यापुढं त्याचं काही चाललं नाही. कधी तिकडं गेलीस तर तटावर उभी राहून खाली पाण्याकडं बघ. वरून बघताना प्रयोग कसा दिसतो तेही लिहिण्यासारखं आहे.)

पान १५. 'बाहेरच्या भयाण थंडीनं तोफ क्षणात गार पडली.' हे आधी खोडून टाक. थर्मासमध्ये चहा तासन्‌तास गरम कसा राहतो? दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते म्हणून. तुझं यान त्या थर्मासच्या आत आहे. उष्णता तिथं फक्त किरणांच्या रूपानं बाहेर पडते. २७ अंशांवरचा काळा पत्रा एका बाजूनं चौरस मीटरला साधारण ४६० वॅट फेकतो, घरातल्या इस्त्रीहून कमी. तोच ३२७ अंशांवर नेलास तर सोळापट. म्हणून यानाला मोठमोठे पत्रे पंखांसारखे पसरून ठेवावे लागणार. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहेत तसे, त्यांत अमोनिया खेळवतात. आणि लढाईत ते पत्रे पसरलेले राहिले तर चाळण, मिटले तर आत भट्टी. कुणी म्हणेल, आपोआप मिटू-उघडू देत की, राधानगरीच्या दरवाजांसारखे. धरण भरलं की ते दरवाजे कुणाला न विचारता उघडतात, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण पाणी दरवाजांवर पाळत ठेवून बसत नाही. शत्रू बसतो.

उकाड्याचं वर्णन मात्र पुस्तकातनं घेऊ नकोस. मे महिन्यात एकदा तुला शिरोलीच्या फाउंड्रीत नेतो, ओतकामाच्या वेळी. घाम येतो हे सगळेच लिहितात. घाम यायचा थांबतो तेव्हा भीती वाटते, ते तिथं कळेल.

भाषेबद्दल फार बोलत नाही, तुझी माझ्यापेक्षा बरी आहे. फक्त सगळे अधिकारी 'सकारात्मक' म्हणून उत्तर देतात ते काढ. 'हो साहेब' म्हणू देत.

रविवारी सकाळी घरी ये, मिसळ सांगून ठेवतो. पान १३ आणू नकोस, पान ७ आण. आणि त्या म्हाताऱ्याचा अंगठा डावा की उजवा ते ठरवून ये.

तुझा,
काका

ता. क. दोन्ही पट्ट्या अजून भिंतीवर खिळ्याला आहेत, आलीस की दाखवतो. पोलादाच्या पट्टीला मी त्या अकरा नगांनंतर तांबडा रंग दिला.